पायपुसणं कोणी ओलं केलं

आमच्या कुत्र्यावर जो आळ आला होता तो निम्मा खोटा होता. निम्मा म्हणतो, कारण पुढे पुढे तोही तिथेच करायला लागला. पण सुरुवात त्याची नव्हती.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. उमेदीची वर्षं इथे आखातात, मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काढली, निवृत्त होऊन गावी गेलो, आणि बायको गेल्यावर मुलाने परत बोलावून घेतलं. आता ईसा टाउनला मुलगा, सून आणि नात यांच्याकडे असतो. कुत्रा नातीचा. ती शाळेच्या बसमध्ये बसली की दिवसभर तो माझ्यापाशी. नातीला मराठी कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. कुत्र्याला दोन्ही कळायचं. ‘चल’ म्हटलं की दाराशी उभा. अगदी पिल्लू होता तेवढे दिवस सोडले तर त्याने घरात कधी थेंब सांडला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी झोपेतून उठलो आणि बाथरूमपर्यंत पोचता पोचता उशीर झाला. दारातलं पायपुसणं ओलं झालं. घरी कोणी नव्हतं. मी लेंगा धुऊन टाकला, फरशीवर फिनेलचं पाणी फिरवलं आणि पायपुसणं उलटं करून जागेवर ठेवलं. धुवायला टाकलं असतं तर सुनेने कारण विचारलं असतं. पुढे असं अधूनमधून होत राहिलं, आणि दर वेळी मी पायपुसणं उलटं केलं.

मग एक दिवस सून कामावरून आली आणि त्यावर पाय पडताच ओरडली. त्या दिवशीचं मात्र खरोखर कुत्र्याचं होतं. मी त्याला करताना पाहिलं होतं.

“एवढा शिकवलेला आणि असं?” ती म्हणाली. “जागा तरी बघा कशी शोधलीय, बाथरूमच्या दारात! दोन पावलं आत गेला असता तर फ्लशसुद्धा केलं असतं त्याने.”

“मुद्दाम करतो,” मुलगा म्हणाला. “आपण दिवसभर नसतो ना, त्याचा राग.”

“जनावरच ते,” मी म्हणालो.

त्यानंतर जे ओलं सापडे ते कुत्र्याचंच ठरे, माझंसुद्धा. त्याला ओरडा बसायचा, मग स्वयंपाकघरात कोंडायचे. तो दाराच्या फटीशी नाक लावून बसायचा.

मुलाने त्याला डॉक्टरकडे नेलं तेव्हा मीही बरोबर गेलो. तपासणीत आजार काही निघाला नाही. डॉक्टर केरळचा, आमच्याशी हिंदीत बोलला. त्याचं म्हणणं असं, की शिकलेला कुत्रा घरात करायला लागला की लोकांना ती खोडी वाटते, पण सहसा ती खोडी नसते. आजार असतो, म्हातारपण असतं, कशाची तरी भीती असते, नाहीतर वास. एखाद्या जागी आधी कोणी केलेलं असेल तर तिथला वास कुत्र्याला सांगतो, की ही जागा त्यासाठीच आहे. फिनेलने आपल्या नाकाचं समाधान होतं, त्याच्या नाही.

“घरात दुसरं कुठलं जनावर आहे? मांजर वगैरे?” त्याने विचारलं.

“नाही,” मुलगा म्हणाला.

मी पट्टा हाताला गुंडाळत राहिलो. तिथे बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

सलमाबादला मुलाच्या ओळखीच्या एकाचं गॅरेज आहे, आवार मोठं. कुत्र्याला तिकडे देऊन टाकायचं ठरलं. नात माझ्या खोलीत आली. “आजोबा, टेल देम. पप्पा तुमचं ऐकतात. इट्स नॉट हिज फॉल्ट.”

“तिकडे मोकळी जागा आहे, बाळा,” मी म्हणालो.

कुत्रा गेला. नवीन पायपुसणं आलं, आणि थोड्याच दिवसांत तेही ओलं झालं. सून त्यावरून जाता जाता थांबली, वाकली, मग सरळ झाली. मी समोर हॉलमध्येच होतो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “एसीचं पाणी गळतंय वाटतं, बाबा.”

त्या भिंतीला एसी नव्हताच. तिने मला सांभाळून घेतलं होतं. कुत्र्याला कोणी असं सांभाळून घेतलं नव्हतं.

सगळे जेवायला बसल्यावर मी सांगितलं. “एसी नाही तो. मी आहे. पहिल्यापासून मीच.”

“बाबा!” मुलाने घास खाली ठेवला. “गोळी मिळते हो त्याच्यावर! साधी गोळी!”

सून त्याला म्हणाली, “हळू बोला.” नात माझ्याकडे बघत होती.

“यू न्यू?”

“हो.”

“अँड यू लेट हिम गो?”

“हो.”

ती ताट सोडून उठली.

शुक्रवारी आम्ही सलमाबादला गेलो. कुत्रा पत्र्याच्या शेडमध्ये सावलीला बसला होता. नातीला पाहून इतका उड्या मारू लागला की साखळी पायात अडकली. ती सोडवून झाल्यावर नात मला म्हणाली, “से सॉरी टू हिम.”

मी वाकलो. “माफी दे रे बाबा,” म्हणालो.

तिथला मेकॅनिक रायगडकडचा होता. हात पुसत पुढे आला. “काका, इथं अरबीत ‘माफी’ म्हणजे ‘नाही’. त्याने ते अरबीत ऐकलं तर संपलंच की!” बाकीचे हसले. मग तो मुलाला म्हणाला, “घेऊन जा साहेब. सोडला की एकूणएक गाडीपाशी धावत जातो, आणि मान खाली घालून परत येतो. आमच्याच्याने बघवत नाही.”

परतताना नात कुत्र्याला घेऊन मागे बसली. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलो. निघाल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पेट्रोल पंप दिसला तेव्हा मागून आवाज आला, मराठीत.

“आजोबा, तुम्हाला जायचंय का?”

मुलाने वळून माझ्याकडे पाहिलं. मला खरंच जायचं होतं. मी हो म्हणालो, आणि त्याने गाडी आत घेतली.