डावखुरी शांतिदेवी

हर्मेरोसची सारी हयात रोमच्या टांकसाळीत उलटं कोरण्यात गेली. नाण्यावर सुलट उमटायचं तर ठशात सगळं उलटं हवं. अक्षरं उलटी, सम्राटाचं नाकही उलट्या बाजूला. आणि त्या वर्षी तर सम्राटच टिकेनात! एकाची हनुवटी कोरून होते न होते तोच तो मारला जायचा आणि ठसा भट्टीत जायचा. हर्मेरोस नुसता धुमसायचा.

त्याचा खरा जीव होता नाण्याच्या मागच्या बाजूत. तिथे शांतिदेवी असते, हातात ऑलिव्हची फांदी. नेहमी उजव्याच हातात. त्याला एकदा, फक्त एकदाच, ती फांदी डाव्या हातात द्यायची होती. त्याची लेक मिर्तिस डावखुरी. गुलामाची पोर, आईच्या मालकिणीची मालमत्ता. पाहुण्यांना डाव्या हाताने मद्य वाढते म्हणून त्या बयेने तिला अपशकुनी ठरवलं आणि दूरच्या गॉल प्रांतातल्या व्यापाऱ्याला विकून टाकलं. आता पोर कुठे आहे, देव जाणे. पण कांस्याचं नाणं गरिबाच्याही हातात पडतं. डावखुरी देवी दिसली की ती ओळखेल, हे आपल्या बापाचंच काम.

मुकादम कार्पस येऊन डोक्यावर बसला. "आटप रे बाबा! नवा सम्राट शहरात शिरलाय. आजच नाणी पडायला हवीत."

"आधी मेणावर उमटवून बघतो, मुकादम."

"मेण कसलं बघतोस? आजच शिकायला आलायस का? तोवर हाही मरेल!"

हर्मेरोसने दातओठ खात कोरलं. एरवी हात आपोआप चालायचा. आज मात्र तो मिर्तिसला डोळ्यांपुढे आणून, विचार करकरून कोरत होता. डावा हात. डाव्या हातात फांदी.

घण पडला. कार्पसने गरम नाणं चिमट्यात धरून पुढे केलं. "वा! अगदी नेहमीसारखी!"

फांदी उजव्या हातात होती. ठशात तो जन्मभर डावाच हात कोरत आला होता, म्हणून तर नाण्यावर उजवा यायचा. आजही त्याने तेच केलं होतं.

"थांबवा, मुकादम! चुकलंय!"

"काय चुकलंय? दाखव बघू."

हर्मेरोसला दाखवता येईना. त्याने कपाळावर हात मारून घेतला. मूर्खा, नाण्यावर डावा हवा तर ठशात उजवा, हे आजच विसरलास?

नाण्यांची पोती भरून गाड्या बंदराकडे निघाल्या. त्यातलं एखादं मिर्तिसच्या हाती पडेलही. ती ते मासळीच्या बदल्यात देऊन टाकेल.