फौजदाराची शिकवणी

देवरामच्या पोटऱ्यांवर कुत्र्यांच्या दातांच्या इतक्या खुणा होत्या, की दवाखान्यातली नर्स त्याला काय झालं म्हणून विचारतच नसे. "आज कुठल्या गावचं?" एवढंच म्हणायची आणि सुई भरायला घ्यायची.

देवराम विजेचे मीटर वाचायचा. किन्हवलीपासून मुरबाडच्या रस्त्यापर्यंतची गावं त्याच्याकडे होती. मीटरचा फोटो काढायचा तर पडवीत शिरावं लागतं, आणि पडवीत राज्य कुत्र्याचं. माणूस तसा धीराचा. सापाला भ्यायचा नाही, बायकोलासुद्धा बेतानेच भ्यायचा. पण कुत्रं गुरगुरलं की त्याची गाळण उडायची.

शेवटी त्याने ठरवलं, मोठ्या कुत्र्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही, धरायचं तर पोरवयातच. मग कुठे कुत्री व्याली असं कळलं की देवराम हजर. पिल्लं लटपटत चालायला लागली की हा त्यांच्यात आपली पिशवी ठेवून बसायचा. पिशवी हुंगू दे, चावू दे. डोक्यावर हेल्मेट घालून दाखव, छत्री उघडून दाखव, आणि वर चिमूटभर सुकट चार. "मानसांच्या बारशाला येत नाय, कुत्र्यांच्या चुकवत नाय," लोक म्हणायचे. म्हणेनात का! ती पिल्लं मोठी झाल्यावर देवरामला बघून शेपटी हलवायची.

राहिलं एकच घर, महादूशेठचं. आपल्या दारात कोणी न विचारता यावं, हेच महादूला मुळात खपत नसे. त्याच्या हवालदार नावाच्या कुत्र्याने देवरामला दोनदा फाडलं, तेव्हा हा गृहस्थ झोपाळ्यावर बसून दात कोरत होता. पुढे हवालदार म्हातारा होऊन मेला. देवरामने मनातल्या मनात पेढे वाटले. पण आठवड्याच्या आत महादूने नवं पिल्लू आणलं आणि बढती देऊन त्याचं नाव ठेवलं फौजदार. त्यातच ठेकेदाराने देवरामला तंबी दिली, की दिवाळीपर्यंत महादूच्या मीटरचा फोटो आला नाही तर ही गावं दुसऱ्याला देईन. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार होतं?

वाट दाखवली महादूच्या बायकोने, सरस्वतीने. "त्या हवालदाराच्या पायी माजा भाव भाऊबीजेला यायचा बंद झाला," ती म्हणाली. "शेठ सकालचे शेतावर जातात. तवा येत जा, भाऊ. पन याला मानसात आना."

देवराम रोज जाऊ लागला. महादू आज ना उद्या कुत्र्याला 'छू' शिकवणार, हे उघड होतं. मग आपणच आधी का शिकवू नये? तो मीटरखाली उकिडवा बसायचा, हात पुढे करून "छू" म्हणायचा, आणि पिल्लू धावत आलं की त्याच्या पुढ्यात सुकट टाकायचा. सरस्वती तोंडाला पदर लावून हसायची.

पण ऐन लावणीत महादूचा पाय मुरगळला आणि स्वारी घरी बसली. देवरामची शिकवणी बंद, महादूची सुरू. पावसाळाभर वाटेने जाताना देवरामला फौजदाराचं भुंकणं ऐकू यायचं. महिन्यागणिक ते भरदार होत चाललं होतं.

दिवाळीच्या तोंडावर देवराम अंगणात उभा राहिला. फौजदार आता मांडीला लागेल एवढा झाला होता. घरी निघून जावं, असं देवरामला फार वाटलं.

"देवऱ्या, परत आलास?" महादू झोपाळ्यावरून ओरडला. "फौजदार, छू!"

कुत्रं सुटलं. देवरामने डोळे मिटून घेतले. अंगावर धाडकन दोन पंजे पडले आणि तोंडावरून ओली जीभ फिरली. फौजदार खिसा हुंगत होता.

"अरे छू! छू!"

प्रत्येक 'छू'ला कुत्रं आणखी लाडात येई आणि देवराम खिशातून चिमूट काढून टाकी. रडू आणि हसू त्याला एकदमच आलं. चिमटी टाकत टाकत तो पडवीत शिरला, मीटरपाशी गेला, फोटो काढला. आत सरस्वती भावाला फोन लावत होती.

"छू रे भडव्या, छू!" महादूचा घसा बसला होता.

"शेठ, आता पुरं करा," देवराम हात जोडून म्हणाला. "सुकट संपली."