एकाच गावचं रक्त

एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून बसलं, की किस्से आपोआप साचत जातात. मैत्रिणी म्हणतात, "पुस्तक काढ गं!" पुस्तक कसलं, डोकं फिरतं! नावं बदलून सांगते. राग मात्र बदलता येत नाही.

*

कोरेगावजवळच्या एका गावात कंडोम कसा वापरायचा ते दाखवत होते. एक पुढारी ताडकन उठला. "बायकांसमोर असलं काय दाखवताय? आमच्या गावात असलं काय न्हाई!" कार्यक्रम बंदच पाडला.

मी गाडीत बसते तोच काचेवर टकटक. तोच पुढारी! "दोन पाकिटं द्या की. पर कुणाला बोलू नगा."

*

कवठे महांकाळच्या बाजूला एक बोगस डॉक्टर एकाच सुईनं सगळ्यांना टोचायचा. मी ओरडलेच, "अहो, एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जातंय! दर वेळी नवी सुई घ्यायची!"

तो शांतपणे म्हणाला, "एकाच गावचं रक्त हाय म्याडम, परकं कुठं हाय?"

तिथूनच तक्रारीचा फोन लावला. त्याच्या दवाखान्याला कुलूप लागलं, आणि गाव चिडलं माझ्यावर!

*

शिरवळच्या कंपनीतला एक जण पॉझिटिव्ह निघाला. म्हटलं, "गोळ्या रोज घ्या, कंडोम वापरा आणि बायकोला टेस्टला आणा."

"न्हाई सांगणार तिला. लय चिडंल."

"आणि तिला लागण झाली तर?"

"मग ती बी हितंच येईल की!"

मी टेबलावर असा हात आपटला, की चहाचा कप पडून फुटला! पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन आला. नशीब, ती निगेटिव्ह!

*

आणि आमची संगीता. गरोदरपणात कळलं, पॉझिटिव्ह. आजार दिला नवऱ्यानं, ताट वेगळं झालं हिचं! तिच्या सांगण्यावरून मी घरी गेले. सासूला म्हटलं, "आवं, एकत्र जेवल्यानं, जवळ घेतल्यानं हे होत नाही."

"मग तुमीच जावा घेऊन तिला!"

संगीतानं गोळ्या चुकवल्या नाहीत. बाळंतपण दवाखान्यात केलं, बाळालाही औषध पाजलं. तरी आजीनं नातवाला कधी हात लावला नाही.

पोर दीड वर्षाचं झालं. शेवटची टेस्ट, निगेटिव्ह! मी रडले.

निकाल ऐकायला सासूही केंद्रात आली होती. तिनं लगेच हात पसरले. "दे गं, माझा नातू दे!"

संगीतानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"थांबा आत्याबाई, आधी तुमची टेस्ट करूया!"