सोनकांबळे सर आणि सोयाबीनचे मागचे पेपर

आनंदराज सोनकांबळे सरांचा या जगात एकाच गोष्टीवर पक्का विश्वास होता: मागचे पेपर. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमधून ते अकरावीला लातूरला आले तेच भूकंपाच्या वर्षी. वडील ग्यानोबा गँगमन. त्यांनी पोराला एक पत्र्याची ट्रंक दिली आणि सांगितलं, लातूरवाले म्हणतील तसं कर. लातूरवाले म्हणाले, मागचे पेपर सोडव, संपले की पुन्हा पहिल्यापासून सोडव. किल्लारीकडची गावं ढिगारा झाली, भेदरलेलं लातूर रस्त्यावर झोपायला आलं, तेव्हाही आनंदराज दुभाजकावर चादर अंथरून फिजिक्सचा जुना पेपर घेऊन बसला होता. पोरगं एवढं शांत आहे म्हणजे धोका टळला असणार, असा शेजाऱ्यांनी अर्थ काढला आणि त्यांना जरा धीर आला. पोरगं शांत नव्हतं. त्याला सातवं गणित सुटत नव्हतं.

याच भांडवलावर सर पुढे ट्यूशन एरियात फिजिक्स शिकवू लागले. पोरं त्यांना पाठीमागे ‘मागचा पेपर’च म्हणत, आणि सरांना ते मनातून आवडे. तोवर लातूरच्या घरांवर मजले चढू लागले होते. मजल्यावर खोल्या, खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटवर एक भावी डॉक्टर. ज्याच्याकडे जिना होता तो होस्टेलचा मालक झाला, नुसतं स्वयंपाकघर होतं त्यानं मेस काढली.

अशाच एका इमारतीच्या तळाला सर आणि रेणुका भाड्यानं राहत. रेणुका सरकारी दवाखान्यात नर्स. औसा तालुक्यातल्या तिच्या गावात भूकंपानं तिची आई आणि धाकटी बहीण नेली होती. त्यावर ती कधी अक्षर बोलली नाही. मात्र वर पोरांनी कॉट सरकवली, किंवा मॅच जिंकली म्हणून उड्या मारल्या, की ती हातातलं टाकून गल्लीत जाऊन उभी राही. तव्यावरची भाकरी करपून जाई. परत आल्यावर ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेई आणि दवाखान्यातल्या बदल्यांचा नाहीतर असलाच काहीतरी विषय काढी. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, एकमजली पत्र्याचं घर. डोक्यावर कुणी राहत नाही असं. जिथं लोक मारुतीच्या देवळावरही एक मजला चढवता येईल का याचा विचार करत होते, त्या गावात ही मागणी वेडेपणाचीच होती. सरांनी ती मान्य केली होती. फक्त पगारात ती बसत नव्हती.

तेवढ्यात कलीम भेटला. मार्केट यार्डासमोर त्याचं वायद्याचं ऑफिस होतं. माल डोळ्यानं न बघता पुढच्या महिन्यातल्या सोयाबीनची आज खरेदी-विक्री करायची, असा तो धंदा. त्याची मुलगी उमैमा सरांकडे शिकायला होती. तिच्या मार्कांबद्दल बोलायला सर ऑफिसात गेले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांना सोयाबीनचे जुने भाव दिसले. वर्षानुवर्षांचे, ओळीनं लावलेले. सरांच्या अंगावर काटा आला. बाजारानं आपले सगळे मागचे पेपर असे उघड्यावर टाकलेत आणि एकही माणूस ते सोडवत नाही, याची त्यांना दया आली.

ही चूक फक्त लातूरचा माणूसच करू शकतो. मुंबईचा माणूस आतली खबर शोधतो, नांदेडचा माणूस आधी चहा मागवतो. लातूरचा माणूस पेपर सोडवायला बसतो.

उन्हाळी सुट्टीभर सरांनी ते सोडवले आणि एक नियम काढला. दोन महिन्यांतला सगळ्यात वरचा भाव ओलांडला गेला की घ्यायचं. महिन्यातला सगळ्यात खालचा मोडला की विकून मोकळं व्हायचं. का चढला, का पडला, हे विचारायचं नाही. चढत्या भावाच्या मागं निमूट चालायचं. जुन्या भावांवर हा नियम लावून पाहिला तर एखाददुसरं वर्ष सोडून तो दरसाल पास होत होता.

आणि तो खरोखर चालला. कितीतरी वर्षं चालला. यार्डातले मुरलेले व्यापारी पावसाचे अंदाज बांधून बुडत होते आणि सर आकाशाकडे न बघता कमावत होते. त्या कमाईतून औसा रोडला रेणुकाच्या नावावर प्लॉट झाला. रविवारी ती तिथं जाऊन चुन्यानं स्वयंपाकघर आखी. पुढच्या रविवारी ते पुसून जरा मोठं आखी.

मग बाजार बदलला. बदलताना त्यानं सरांना कळवलं नाही. भाव वरची रेघ ओलांडायचा, सर घ्यायचे, आणि तो दोन दिवसांत माघारी फिरायचा. सर विकायचे की पुन्हा वर. एकदा झालं, दहादा झालं.

“सर, पहिले तुम्ही एकटे ह्या दारातून आत जात होते,” कलीम म्हणाला. “आता सगळा लातूर त्याच दारात उभा हाय. तुमचेच जुने पोरं हायत त्यात. आन् मुंबईचे कॉम्प्युटर आत बसून वाट बघून राहिलेत, की कधी हे येतेत.”

सरांनी ते हसण्यावारी नेलं. गंमत म्हणजे त्याच सुमारास राज्याची प्रवेश परीक्षा जाऊन देशाची आली होती, सरांच्या जुन्या पेपरांचे गठ्ठे रद्दीत गेले होते आणि तसलेच गठ्ठे कवटाळून बसलेल्या एका सहकाऱ्याची सर स्टाफरूममध्ये रोज खेचत होते. पण सोयाबीन ही वेगळी गोष्ट होती. जुन्या भावांतही नियमाची वाईट वर्षं होती, आणि त्यानंतर दरवेळी तो उठून बसला होता. सरांनी रेणुकाला हे रेघा काढून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“पेशंट बेशुद्ध हाय का गेला, हे बघायला आमच्याकडं नाडी असती,” ती म्हणाली. “तुमच्या नियमाची नाडी कुठं बघायची?”

सरांनी रेघांचा कागद घडी करून ठेवला. त्या दिवशी त्यांनी तिला शब्द दिला की काहीही झालं तरी प्लॉटला हात लावणार नाही.

साथीच्या वर्षी क्लास बंद पडले, पोरं ट्रंका घेऊन गावी गेली. डोक्यावर कुणी नाही अशी शांतता रेणुकाला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली. पण ती दिवसरात्र दवाखान्यात होती, त्यामुळे त्या शांततेत सर एकटेच राहिले. नियम हरतच होता. शेवटी सरांनी कलीमला फोन करून सगळं बंद करायला सांगितलं. नियम गेला, असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

आणि मेलेला नियम उठून पळत सुटला. पुढच्या वर्षी सोयाबीन असं चढलं की लातूरनं तसं कधी पाहिलं नव्हतं. रेघेमागून रेघ ओलांडत ते वर जात होतं, माघारी वळून बघत नव्हतं. अगदी सरांच्या नियमात सांगितलं होतं तसं. फक्त सर त्यात नव्हते. त्यांना जेवण जाईना. इतकी वर्षं नियमाची मारझोड खाल्ली आणि तो लाड करायला आला तेव्हा आपण घरी नव्हतो, हे त्यांना सहन होईना.

कलीमनं फोनवर सांगून पाहिलं, “आता नका सर, लई वर गेलंय.”

“वर गेलं म्हणूनच घ्यायचं असतं,” सर म्हणाले. “नियमच तो आहे.”

चुकलेलं सगळं एकदम भरून काढायचं तर माल मोठा घ्यायला हवा होता. प्लॉट त्यांचे घरमालक गुरुबसप्पा यांनी घेतला. सह्या करताना रेणुकानं एकच विचारलं, नाडी सापडली का. सर हो म्हणाले.

सोयाबीन पडलं तेव्हा नियमानं सरांना इमानानं सांगितलं, विकून टाक. पण भाव रोज उघडताच दिवसाला ठरवून दिलेल्या खालच्या मर्यादेला जाऊन अडकायचा, आणि घेणारा कुणीच नसायचा. वर्षानुवर्षं ज्या दारातून सगळं लातूर आत शिरलं, त्याच दारातून सगळ्यांना एकदम बाहेर पडायचं होतं. सर बाहेर पडले तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. वर्ष संपता संपता सरकारनं सोयाबीनचे वायदेच बंद केले. त्या वर्षी बारावीची परीक्षा रद्द झाली होती, तशी ही पण झाली. फरक एवढाच, की बारावीची पोरं पास झाली होती.

गुरुबसप्पा मनानं मोठा माणूस. प्लॉटवर त्यांनी चारमजली होस्टेल उठवलं आणि तळमजल्याच्या दोन खोल्या सरांना भाड्यानं दिल्या, घरचेच आहात म्हणून भाडंही बेताचं ठेवलं. रेणुकानं आखलेल्या स्वयंपाकघराच्या जागी आता जिना आहे.

परवा संध्याकाळी चौथ्या मजल्यावर काहीतरी धप्पकन पडलं. रेणुका हातातलं टाकून बाहेर गेली. सर आत बसून राहत असत. त्या दिवशी तेही मागोमाग गेले आणि तिच्याशेजारी उभे राहिले.

“अगं, पोरं आहेत,” ते म्हणाले. “रोजचंच आहे.”

“आमच्याकडंबी भूकंपाच्या आदल्या वर्षी रोजचंच होतं,” रेणुका म्हणाली. “जमीन हादरायची, भांडी वाजायची. सगळे भाईर झोपायला लागलो. काही झालं न्हाई, झालं न्हाई, म्हणून मग आई म्हणाली, चला आत, थंडी लागती.”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि हे सर पहिल्यांदा ऐकत होते. वरच्या गॅलरीतून दोन-तीन भावी डॉक्टर खाली वाकले. काकू, काय झालं, त्यांनी विचारलं.

“काही न्हाई,” रेणुका म्हणाली. “अभ्यास करा.”