शेजाऱ्याचा घसा

मला शेजारणीचा हेवा वाटतो, आणि तसं लिहायला मला लाज वाटत नाही. तिचा नवरा सकाळी उठून खाकरतो, चहासाठी हाका मारतो, आणि ती त्याच्यावर खेकसते की हळू प्या, कोणी मागे लागलं नाही. आमच्या दोन अंगणांमध्ये खांद्याएवढी भिंत आहे, तेव्हा हे सगळं मला ऐकावंच लागतं. तिला खेकसायला माणूस आहे. मला नाही.

आमचं गाव आदिलाबादकडच्या बेला मंडलात, म्हणजे तालुक्यात, कापसाच्या पट्ट्यात. आमचा एक बैल, त्यांचा एक, दोन्ही मिळून जोडी. एक दिवस त्यांचं वावर, दुसऱ्या दिवशी आमचं. याला सावड म्हणतात. ट्रॅक्टर गावात आले, पण उभ्या कपाशीतलं तण काढायला डवरा लागतो आणि डवऱ्याला बैल. आमचा बैल हट्टी, तो फक्त माझ्या नवऱ्याच्या हाकेला चालायचा. जीभ टाळूला लावून एक ‘टक्’, आणि मग वर चढत जाणारं लांब ‘हुर्रऽऽ हो’. लांबच्या वावरातली माणसंसुद्धा ती ऐकून म्हणायची, आले हे दोघे. शेजाऱ्याने इतकी वर्षं सोबत चालून ती हाक हुबेहूब उचलली होती.

शेजारी म्हणजे गावाला हसायला हक्काचा माणूस. शिंक आली की दवाखाना, काटा रुतला की इंजेक्शन. माझा नवरा नेमका उलटा, ताप आला तरी अंगावर काढायचा. मला त्याचं कोण कौतुक. आमच्या माणसाला सुई माहीत नाही, असं मी शेजारणीला मुद्दाम ऐकवायची आणि ती बिचारी खाली बघायची.

वेचणी झाली की कापूस घरात येतो. खोलीत जास्त मावावा म्हणून तो पायांनी तुडवतात. हे दोघे मिळून दोन्ही घरचा कापूस तुडवायचे. खोलीभर रुई उडते, नाकातोंडात जाते. त्या हंगामात नवऱ्याची भाकरी घशाखाली अडकायला लागली, तेव्हा त्याने ठरवून टाकलं की रुई बसली आहे. आमच्याकडे त्यावर इलाज ठरलेला. गुळाचा खडा, आणि मागून कोरड्या भाकरीचा मोठा घास, न चावता. तो रुईला खाली लोटतो. नवरा रोज तो घास गिळायचा आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पुढे तो भाकरी वरणात कुस्करून खायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, दात दुखतो.

मागाहून शेजाऱ्यालाही तसंच व्हायला लागलं. त्याने गुळाच्या खड्याची वाट पाहिली नाही, सरळ आदिलाबादची बस धरली. गाव हसलं, मीही हसले. तिथे घशातून दुर्बीण घालून पाहिलं तर अन्ननलिकेत गाठ. तिथून त्याला नागपूरला पाठवलं. शेजारीण परत आली ती तडक भिंतीपाशी.

"वहिनी, तुमच्यायले बी घेऊन जा," ती म्हणाली. "त्यायची भाकर तं आमच्यायच्या आधीपासून अटकून राह्यली म्हणते."

नवऱ्याने हे शेजाऱ्याला वावरात सांगितलं होतं. मला दात सांगितला आणि त्याला घसा. आजाराचं नाव कळायच्या आधी मला तेच झोंबलं.

आम्हीही नागपूरला त्याच डॉक्टरांकडे गेलो. मी शाळेत शिकवते. अन्ननलिका मी फळ्यावर दरवर्षी काढते, घशापासून जठरापर्यंत दोन सरळ रेघा. आमच्या पुस्तकात फुप्फुसं एका पानावर, यकृत दुसऱ्या पानावर, हाडं तिसऱ्या धड्यात. त्यांची एकमेकांशी ओळखच नसावी असं वाटतं. डॉक्टरांनी एका कागदावर सगळं एकमेकांना चिकटून काढलं. नळीच्या मागे मणके, पुढे श्वासनलिका, बाजूंना फुप्फुसं. गाठ आधी आतल्या अस्तरात असते, म्हणाले, मग भिंतीच्या स्नायूत शिरते. जठराला, आतड्याला बाहेरून एक पातळ आवरण असतं, अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला ते नसतं. मला कळलं ते असं, की या वावराला धुराच नाही, बांधच नाही. पाणी भरलं की शेजारच्या वावरात. भिंतीतल्या बारीक लसवाहिन्या वर मानेकडे आणि खाली पोटाकडे जातात. त्यांतून आजार लसग्रंथींत जाऊन बसतो, कधी जवळच्या सोडून लांबच्या. आणि रक्तात उतरला की यकृत, फुप्फुसं, हाडं.

शेजाऱ्याचा आजार भिंतीतच होता. माझ्या नवऱ्याचा छातीतल्या ग्रंथींत गेला होता आणि यकृतावर ठिपके होते. मी विचारलं, ऑपरेशन कधी. डॉक्टर म्हणाले, नळी काढून उपयोग नाही, आजार आता नळीपुरता राहिलेला नाही. औषधं देऊ, आणि अन्न उतरावं म्हणून जाळीची नळी बसवू.

बाहेर बाकावर शेजारीण नवऱ्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊन बसली होती. तिचं तोंड सुकलेलं होतं, तरी मला तिच्या हातातला तो कागद हिसकावून घ्यावासा वाटला. एका पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेली ही दोन माणसं. त्याचा आजार जागेवर बसून राहतो आणि आमच्याचा गावभर फिरतो, हा कुठला न्याय? ती भित्र्या माणसाची बायको, आणि भित्राच वाचणार होता.

तो वाचला. त्याची नळी काढली, जठर वर ओढून तिच्या जागी जोडलं. तो घरी येऊन वाटीवाटीने आंबील प्यायला लागला, आणि भिंतीपलीकडून चमच्याचा आवाज आला की मी उठून मागच्या दाराला जायची.

इकडे नवऱ्याचा आवाज बसला. आवाजाची शीर छातीत खाली उतरून पुन्हा वर घशाकडे येते, आणि ग्रंथी नेमक्या तिच्यावर दाबत होत्या. डवरणीच्या दिवसांत तो हट्टाने वावरात गेला. मीही मागे गेले. त्याने ‘टक्’ केलं, पण पुढे नुसती हवा आली. बैल जागचा हलेना. धुऱ्यावर बसलेल्या शेजाऱ्याने तिथूनच हाक दिली, आणि आमचा बैल चालायला लागला. त्या क्षणी बैलालाच बदडावं असं मला वाटलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, सावड मोडा, बैल विकून टाका. त्याने मला जवळ बसवलं. फुसफुस करत बोलायचा, कान लावावा लागायचा.

"मोडू नको," तो म्हणाला. "बैल त्याच्याकडं बांध. माही हाक आता त्याच्याचजवळ हाय."

"मंग माह्याजवळ काय हाय?"

थंडी पडायच्या आत तो गेला.

बैल मी शेजाऱ्याकडे बांधला. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून माझ्या नवऱ्याची हाक येते, ‘टक्’, आणि मग ते वर चढत जाणारं लांब ‘हुर्रऽऽ हो’. ती हाक देत दुसऱ्या बाईचा नवरा कामाला जातो. कधी मी टीव्ही मोठा करते. कधी हाक यायला उशीर झाला तर हातातलं काम सोडून उभी राहते.

मागच्या महिन्यात एके सकाळी हाक आली ती घोगरी. वर चढता चढता फाटली. मी पिठाच्या हातांनी भिंतीपाशी धावले.

"आवाज काऊन बसला?"

शेजारीण म्हणाली, हे लग्नात बर्फाचं पाणी प्याले, बसला असेल, तपासणीची तारीख जवळच आहे. मी म्हणाले, तारीखबिरीख नाही, उद्याच. मी शाळेत रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर नागपूरला गेले.

त्याला आत नेलं. त्याच बाकावर आम्ही दोघी बसलो. तिने पोळीचा डबा उघडला, पण कोणी खाल्लं नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. नुसता घसा बसला आहे, दुसरं काही नाही, म्हणाले. ते ऐकून आधी मी रडले, ती नंतर.