चौघांचं टायमिंग

पुस्तकाप्रमाणे इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, दहा अंशांवर लावूनही आमची जुनी गाडी जव्हारच्या आमच्या दारासमोरच्या चढावर खडखडत होती. दुसऱ्या दिवशी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला न्यायचं होतं. दारावरून जाणारा खोडाळ्याचा एक जीपवाला आवाज ऐकून थांबला. नाशिकचं सांगितल्यावर त्याने विचारलं,

"भाऊ, उद्या बसणार किती?"

"चौघं."

"मग बसवा चौघांना. रिकामी गाडी असली का खोटंच बोलते."

आम्हाला बसवून त्याने गाडी तीनदा चढवली. दर वेळी उतरून, डोळे मिटून, ती वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला. नाव न सांगताच तो गेला. मी अंश दाखवणारा टायमिंग लाइट लावून पाहिलं, तर सात अंश.

सकाळी मोखाड्याचा चढ चढताना खडखड ऐकू येईना, तशी आईने घाबरून विचारलं, "गाडी बंद पडली का रे?"