थोरल्यासाठी ठेवलेला भोपळा

आमच्या थोरल्या दिरांनी अमेरिकेतून फोनवर एक वाक्य टाकलं आणि आमच्या घरात आठवडाभर मैद्याचा धुरळा उडाला. वाक्य असं होतं: "आई, इकडे फॉल, म्हणजे पानगळीचा सीझन, सुरू झाला की भोपळ्याचे गोड रोल मिळतात, दालचिनी-जायफळ घातलेले. त्या वासाने मला तुझी आठवण येते." लांबून बोलताना माणसं असलं काहीतरी बोलतातच. पण सासूबाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. "अगं, त्याला रोल हवेत," त्यांनी जाहीर केलं. हवेत असं तो कुठे म्हणाला होता? पण थोरल्याचं न बोललेलंही त्यांना ऐकू यायचं आणि धाकट्याचं बोललेलंही ऐकू यायचं नाही. धाकटा म्हणजे माझा नवरा.

ही माणसं सासऱ्यांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे बेंगळुरूत आलेली. सासरे गेले, घर हेब्बाळच्या बाजूला राहिलं, आणि मी पुण्याहून लग्न होऊन त्या घरात आले. येताना बेकिंगच्या क्लासचं सर्टिफिकेट आणि नाक मुरडायची सवय, दोन्ही बरोबर आणली. सर्टिफिकेटाचा उपयोग तोवर कुणाला झाला नव्हता. आता दीर ऑफिसच्या कामासाठी दसऱ्याच्या सुमारास येणार होते. मुक्काम हॉटेलात, पण खंडेनवमीला दिवसभर घरी. कित्येक वर्षांनी थोरला घरी येणार, म्हणून सासूबाईंनी अंथरुणाच्या चादरीसुद्धा बदलल्या. तो राहणार हॉटेलात, चादरी कुणासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांना वाटत होतं, एक दिवस नीट पार पडला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा येईल, आणि कोण जाणे, एखाद्या वर्षी राहीलसुद्धा.

त्यासाठी त्यांनी माझ्या नवऱ्याला यशवंतपूरच्या बाजारात पाठवून एक अख्खा लाल भोपळा आणवला. चिरलेली फोड चालणार नव्हती. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने चिरायचा नसतो. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईने त्यावर सुरी धरली तर ती थोरल्यावर धरल्यासारखी. पुरुषाने पहिला घाव घालायचा, मग बाईने खुशाल जन्मभर चिरत बसावं. माझ्या माहेरीही ही रीत होती, पण इतकी कडक नव्हती. एरवी पहिला घाव माझा नवरा घालायचा, तोही त्याच्या कारखान्याची बस चुकू नये म्हणून बूट घालता घालता. तो दौऱ्यावर असला की शेजारचे अण्णा लुंगी सावरत यायचे, कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत भोपळ्याला नखभर चीर पाडायचे आणि मोठं ऑपरेशन करून आल्यासारखे हात पुसत निघून जायचे. त्या चिरेत सुरी घालून तो दगड फोडायला मी होतेच. ज्या घरात पुरुषाला चहाचा डबा कुठे असतो ते माहीत नाही, त्या घरात भोपळा मात्र त्याच्यावाचून अडतो, याचं मला भारी हसू यायचं.

"ह्या वेळी पहिला घाव थोरलाच घालील," सासूबाई म्हणाल्या. मग तो भोपळा फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसून राहिला. रोज आंघोळ झाली की सासूबाई त्याच्यावरची धूळ पुसायच्या. नवरा जाता-येता त्याच्याकडे बघायचा.

सरावासाठी मी गाडीवरून चिरलेल्या फोडी आणायचे. पाप गाडीवाल्याच्या माथी. माझ्याकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. तो मधोमध करपवायचा आणि कडेला कच्चं ठेवायचा. पहिला घाणा असा निघाला की एखादा रोल कुणाच्या डोक्यात बसला असता तर पोलीस आले असते. यीस्टचा वास सासूबाईंना सोसेना. त्यात बेंगळुरूची ती झिमझिम आणि गारवा. पीठ रात्रभर ठेवलं तरी ढिम्म. शेवटी उपाय सासूबाईंनीच काढला. घरात उबेची जागा एकच, देवघर. नवरात्रातला अखंड दिवा तिथे तेवत होता. सोवळं नेसल्याशिवाय मला तिथे पाऊल टाकू न देणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने मैद्याचा गोळा देवीच्या घटाशेजारी नेऊन ठेवला! एका बाजूला घटातलं धान्य उगवतंय, दुसऱ्या बाजूला यीस्ट फसफसतंय. पीठ मात्र अंगात आल्यासारखं फुगलं.

"स्वल्प सुंठ जास्त घाल," सासूबाई सांगायच्या. "त्याला लहानपणापासून खोकला." पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचा खोकला! बिघडलेले सगळे रोल माझ्या नवऱ्याने खाल्ले, चहात बुडवून, मुकाट्याने.

नवमी उजाडली. बेंगळुरूत त्या दिवशी प्रत्येक स्कूटर नवरीसारखी सजते आणि तिच्यापुढे कुंकू भरलेला कोहळा आपटतात. रस्ताभर लाल-पांढरा राडा. स्कूटरपुढे कोहळा आपटायला आमच्या गल्लीतले पुरुष पहाटेपासून तयार होते, तिथे कुणाला बोलवावं लागलं नाही. माझा नवरा कारखान्याच्या पूजेला शहराबाहेर बोम्मसंद्र्याला गेला. मी सकाळीच गाडीवरच्या भोपळ्याचे रोल भाजून ठेवले. ते, खरं सांगते, सुरेख झाले होते. घरभर वास होता.

दीर आले ते दुपारी, जेवणवेळ टळल्यावर, हॉटेलच्या गाडीने. ड्रायव्हरला थांबायला सांगितलं होतं. कोहळ्याच्या राड्यात बूट भरले म्हणून चिडलेले. जेवून आले होते. सासूबाईंनी त्यांच्यापुढे रोलची बशी ठेवली आणि समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांनी अर्धा रोल खाल्ला.

"छान आहे. काय आहे हे?"

"अरे, तुझे ते भोपळ्याचे रोल," सासूबाई म्हणाल्या. "वासाने आठवण येते म्हणालास ना माझी."

"मी म्हणालो होतो?" दीर हसले. "कधी?"

सासूबाई उठल्या, पाट मांडला, त्यावर भोपळा ठेवला आणि सुरी दिरांच्या हातात द्यायला पुढे केली. "पहिला घाव तू घाल. तुझ्यासाठी ठेवलाय."

दिरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग शर्टाच्या बाहीकडे. "आई, अजून हे सगळं चालू आहे? तूच चीर ना! कुणी का चिरेना, भोपळाच तो."

तेच मी इतकी वर्षं म्हणत आले होते, अगदी त्याच शब्दांत. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. उरलेला अर्धा रोल त्यांच्या तोंडात कोंबावा असं वाटलं. ते आणखी थोडा वेळ बसले, तिकडच्या रस्त्यांबद्दल बोलले, आईच्या पाया पडले आणि गेले. पुढच्या वर्षीचं नाव त्यांनी काढलं नाही आणि आईनेही काढलं नाही.

गाडी वळेपर्यंत सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. आत आल्या, पाटासमोर बसल्या आणि सुरी उचलली.

तेव्हा मी काय करावं? त्या रिवाजाला आयुष्यभर हसलेली मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "आई, थांबा! हे संध्याकाळी येतील, ते घालतील पहिला घाव."

"सोड," त्या म्हणाल्या. "त्यानेच सांगितलंय ना."

त्यांनी सुरी टेकवली आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकला. एकदा, दोनदा. मग तो भोपळा फाटला. सासूबाईंनी फोडी केल्या, बिया काढल्या, हात धुतले. रडल्या नाहीत. मला वाईट वाटत होतं आणि दिरांचा रागही येत होता, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं. मी विचारलं, "ओव्हन तापवू का?"

"नको. गूळ काढ. घारगे करू," त्या म्हणाल्या. "धाकट्याला आवडतात. लहानपणी कढईशेजारून हलायचा नाही."

इतक्या वर्षांत नवऱ्याने मला हे सांगितलं नव्हतं, आणि मीही त्याला विचारलं नव्हतं. मी गुळाचा डबा काढला.